एलएफटीचा रिपोर्ट कसा वाचायचा: कोणता आकडा काय सांगतो आणि कुठे फसवतो

लॅबचा कागद हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. लिव्हर फंक्शन टेस्टच्या, म्हणजे एलएफटीच्या बाबतीत ही सवय हमखास फसवते. एसजीपीटी ९०० असलेला काविळीचा तरुण रुग्ण महिन्या-दीड महिन्यात पूर्ण बरा होऊ शकतो, आणि एसजीपीटी ३८ असलेल्या माणसाला सिरॉसिस, म्हणजे व्रण भरत जाऊन कायमचे कडक झालेले यकृत, असू शकतो. या एकाच तपासणीत तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शेजारी-शेजारी छापलेली असतात, म्हणून असे होते. यकृताच्या पेशींना इजा होते आहे का? पित्ताचा निचरा नीट होतो आहे का? आणि यकृत आपले काम करते आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींतून गळणारी एन्झाइम देतात. काही लॅब यांनाच एएलटी आणि एएसटी म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर अल्कलाईन फॉस्फेटेज, गॅमा जीटी आणि डायरेक्ट बिलिरुबिन यांच्यात असते. बिलिरुबिन म्हणजे जुन्या तांबड्या पेशींतून निघून पित्तावाटे बाहेर पडणारे पिवळे रंगद्रव्य. तिसऱ्याचे उत्तर अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन, एकूण बिलिरुबिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, यांच्यात. यातला प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे त्यावरून काढलेला आयएनआर, बहुतेक लॅबच्या एलएफटी पॅकेजमध्ये नसतोच. तो वेगळा सांगून, वेगळ्या नळीत रक्त देऊन करावा लागतो. यकृताच्या कामाबद्दल सगळ्यात लवकर बोलणारी तपासणी नेमकी तीच आहे, त्यामुळे कावीळ असताना ती राहून जाऊ देऊ नये.

आकडे वाचण्याआधी

वय, लिंग, तारीख आणि एकके पाहा. भारतात बिलिरुबिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे १७ मायक्रोमोल. तिकडे राहणाऱ्या मुलाने घरी कळवलेले '२०' ऐकून घाबरू नका, ते आपल्याकडचे १.२ झाले. अल्ब्युमिनही तिकडे ग्रॅम प्रति लिटरमध्ये असते, म्हणजे आपले ४.२ तिकडे ४२.

रिपोर्टच्या तळाशी 'नमुना हिमोलाइज्ड' असा शेरा आहे का ते बघा. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातले एसजीओटी सीरममध्ये मिसळते आणि आकडा खोटा वाढतो. उलट, नळी बराच वेळ उजेडात राहिली तर बिलिरुबिन खोटे कमी येते. एलएफटीसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. सोबत साखर आणि लिपिड असतात म्हणून लॅबवाले उपाशी बोलावतात.

रेंजबद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या. एसजीपीटीची वरची मर्यादा कुठे ४०, कुठे ४५, कुठे ५० च्याही पुढे छापलेली असते. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी निरोगी पुरुषासाठी २९ ते ३३ आणि स्त्रीसाठी १९ ते २५ ही मर्यादा धरली आहे. म्हणजे मधुमेह असलेल्या, पोट सुटलेल्या बाईचे एसजीपीटी ४२ आले आणि लॅबने ते नॉर्मलमध्ये छापले, तरी तेवढ्यावर समाधान मानू नये.

आकडा 'किती वाढला' हे मर्यादेच्या पटीत मोजा. मर्यादा ४० असेल तर ८० म्हणजे दोन पट, २०० म्हणजे पाच पट. दोन लॅबचे रिपोर्ट ताडून पाहायचे असतील तर पटीच उपयोगी पडतात, कोरे आकडे नाहीत.

एसजीपीटी आणि एसजीओटी

एसजीपीटी मुख्यतः यकृतात असते. एसजीओटी यकृताबरोबर स्नायू, हृदय आणि तांबड्या पेशींतही असते. म्हणून एकटे एसजीओटी वाढले की यकृतावर खापर फोडण्याआधी स्नायूंची चौकशी करावी: नुकतीच जिम सुरू केली का, पडझड, आकडी, मोठा ट्रेक झाला का? अशा वेळी सीपीके ही स्नायूंतले एन्झाइम मोजणारी साधी तपासणी वाद मिटवते. सीपीके हजारांत असेल तर उगम स्नायूंत आहे. जोरदार व्यायामानंतर तर एसजीपीटीही वाढू शकते, त्यामुळे चाचणीआधी आठवडाभर जड व्यायाम टाळलेला बरा.

दोन्हींत मोठे कोण, यावरून बराच उलगडा होतो. स्थूलपणा, मधुमेह आणि फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला एसजीपीटी मोठे असते आणि वाढ सहसा दोन-तीन पटींच्या आत राहते. दारूमुळे झालेल्या इजेत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असते, पण ते क्वचितच ३०० च्या वर जाते. दारू पिणाऱ्याचे एसजीओटी ८०० आले तर नुसती दारू हे कारण पुरेसे नाही. तापासाठी घेतलेले पॅरासिटामॉल किंवा विषाणूजन्य कावीळ वर चढलेली नाही ना, हे पाहायलाच हवे. रोज पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटामॉलची एरवी चालणारी मात्राही जड जाऊ शकते.

फॅटी लिव्हरच्या रुग्णाचे एसजीओटी वर्षागणिक चढत जाऊन एसजीपीटीला ओलांडते, तेव्हा ते यकृतात तंतू वाढत असल्याचे चिन्ह असू शकते. त्याच वेळी एसजीपीटी खाली येत असते, म्हणून घरात 'रिपोर्ट सुधारला' असा समज होतो. हा समज महागात पडतो.

आकडा हजाराच्या वर असेल तर यादी आखूड होते: हिपॅटायटिस ए, ई किंवा बी, औषधाची किंवा विषाची इजा, रक्तदाब कोसळल्याने यकृताला न मिळालेले रक्त आणि कधी ऑटोइम्यून हिपॅटायटिस. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत, म्हणजे ए आणि ई प्रकारात, हजार-दोन हजार हा आकडा नेहमीचा आहे. एकट्या त्यावरून गंभीरता ठरत नाही. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला, तर मात्र आकडा कितीही असो, तिला मोठ्या रुग्णालयात दाखल केलेलेच बरे.

पावसाळी तापांची वेगळी ओळख आहे. डेंगीत एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त वाढते आणि प्लेटलेट खाली जातात. कोकणात, मुंबईत साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये बिलिरुबिन १०-१५ पर्यंत चढलेले आणि एन्झाइम मात्र दोन-चार पटच, अशी विजोड जोडी दिसते. शिवाय पोटऱ्या दुखतात, सीपीके आणि क्रिएटिनिन वाढते. भातखाचरात राबलेल्या माणसाचा असा रिपोर्ट 'साधी कावीळ' म्हणून घरी ठेवण्याचा नाही. त्याची किडनी धोक्यात असते.

बिलिरुबिन: आधी फोड करा

एकूण बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत ठीक. डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनच्या वर जावे लागते. एकूण आकड्यापेक्षा त्याची डायरेक्ट आणि इनडायरेक्ट अशी फोड महत्त्वाची.

इनडायरेक्ट म्हणजे यकृतात प्रक्रिया होण्याआधीचे बिलिरुबिन. ते अल्ब्युमिनला चिकटलेले असते, लघवीत उतरत नाही. म्हणून डोळे पिवळे पण लघवी नेहमीच्या रंगाची, असे असेल तर वाढ इनडायरेक्टची आहे. लघवी चहासारखी गडद असेल तर डायरेक्टची. कागद हाती येण्याआधी स्वच्छ काचेच्या ग्लासात लघवी धरून उजेडात पाहिली तरी हे कळते.

फक्त इनडायरेक्ट वाढलेले, एकूण १.५ ते ३ च्या दरम्यान, बाकी एलएफटी, हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी, थोडक्यात रेटिक) नॉर्मल, असा रिपोर्ट बहुधा गिल्बर्ट सिंड्रोमचा असतो. हा आजार नव्हे, शरीराची जन्मजात ठेवण आहे. उपास, ताप, जागरण, दगदग यांनी आकडा वाढतो. नवरात्रात किंवा कडक एकादशीनंतर तपासणी केली तर तो हमखास चढलेला सापडतो. याला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही. हिमोग्लोबिन कमी आणि रेटिक वाढलेले असेल तर मात्र तांबड्या पेशी फुटत आहेत. विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात अशा वेळी सिकलसेलची तपासणी आधी करावी.

डायरेक्ट बिलिरुबिन एकूणाच्या निम्म्याहून अधिक असेल तर अडचण यकृतात किंवा पित्तमार्गात आहे, आणि पुढच्या गटाकडे वळावे लागते.

नवजात बाळाचे नियम निराळे. त्यांची कावीळ बहुधा साधी असते, पण दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा असेल आणि शौचाचा रंग पांढुरका असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन तातडीने तपासा. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यश बरेच जास्त मिळते. उन्हात ठेवून वाट बघण्यात हेच दिवस जातात.

अल्कलाईन फॉस्फेटेज आणि गॅमा जीटी

अल्कलाईन फॉस्फेटेज यकृताबरोबर हाडांतून आणि गरोदरपणात वारेतूनही येते. वाढीच्या वयातल्या मुलाचे ते मोठ्यांच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक आहे. लॅबने मोठ्यांची रेंज छापली म्हणून ते लाल होते. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही ते चढते. मग ते यकृताचे की हाडांचे? गॅमा जीटी बघा. दोन्ही वाढलेली असतील तर यकृत-पित्तमार्ग, गॅमा जीटी नॉर्मल असेल तर हाडे. एकटे गॅमा जीटी वाढलेले असेल तर दारू, फॅटी लिव्हर किंवा आकडीवरच्या फेनिटॉइनसारख्या गोळ्या कारण असू शकतात. त्यावरून एखाद्याला दारुडा ठरवणे अन्यायाचे आहे.

इजा पेशींची की अडथळा पित्ताचा, हे ठरवायला एक सोपे गणित आहे. एसजीपीटीची पट काढा, अल्कलाईन फॉस्फेटेजची पट काढा, पहिलीला दुसरीने भागा. उत्तर ५ च्या वर असेल तर इजा पेशींची, २ च्या खाली असेल तर पित्ताचा अडथळा, मधले असेल तर दोन्ही. समजा एसजीपीटी ९६ (मर्यादा ४०) आणि अल्कलाईन फॉस्फेटेज ४१० (मर्यादा १३०). पटी झाल्या २.४ आणि ३.१५. भागाकार ०.७६. सोबत बिलिरुबिन ५.२, त्यात डायरेक्ट ४.१. हा पित्ताचा अडथळा आहे, आणि पुढची पायरी सोनोग्राफी. त्यात पित्तनलिका फुगलेली दिसली तर खडा किंवा गाठ शोधायची. अंगाला खाज आणि पांढुरके शौच हीही याच बाजूची लक्षणे.

इथे एक खड्डा आहे. खडा नलिकेत नुकताच अडकला असेल तर पहिल्या दिवशी एसजीपीटी ५००-६०० होते आणि अल्कलाईन फॉस्फेटेज अजून हललेले नसते. भागाकार म्हणतो हिपॅटायटिस, पोटात उजवीकडे बरगडीखाली उठलेली कळ म्हणते खडा. अशा वेळी कळेवर विश्वास ठेवावा. कळ, कावीळ आणि थंडी वाजून ताप, तिन्ही एकत्र आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यकृत काम करते आहे का

अल्ब्युमिन फक्त यकृतात तयार होते, पण रक्तात त्याचे अर्धायुष्य सुमारे २० दिवस असते. म्हणून आठ दिवसांच्या काविळीत ते ३.५ च्या वरच असणार. ते ठीक आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. उलट, अल्ब्युमिन २.८ असेल तर आजार जुना आहे, किंवा लघवीवाटे प्रथिने जात आहेत, किंवा खाणे तोकडे पडते आहे. लघवीतली प्रथिने तपासल्याशिवाय दोष यकृताला देऊ नये.

रक्त गोठवणारे घटक मात्र तासांच्या हिशेबाने संपतात. त्यातल्या सातव्या घटकाचे अर्धायुष्य जेमतेम सहा तासांचे आहे. म्हणून अचानक बिघडलेल्या यकृतात आयएनआर सगळ्यांच्या आधी बोलतो. काविळीच्या रुग्णाचा आयएनआर १.५ किंवा अधिक असेल, आणि तो असंबद्ध बोलत असेल, दिवसा झोपून रात्री जागा राहत असेल, तर ही आणीबाणी आहे. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर आयएनआर औषधानेच वाढलेला असतो, तेवढे विचारून घ्यावे.

आता सुरुवातीला सांगितलेला ३८ चा रिपोर्ट पूर्ण पाहू. वय ५८, एसजीपीटी ३८, एसजीओटी ५२, बिलिरुबिन १.९, अल्ब्युमिन २.८, ग्लोब्युलिन ४.४, आणि सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट ८४ हजार. एकही आकडा ओरडत नाही, पण सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. अल्ब्युमिन कमी, ग्लोब्युलिन जास्त म्हणून त्यांचे गुणोत्तर उलटे झालेले, एसजीओटी मोठे, आणि प्लीहा फुगल्याने प्लेटलेट उतरलेल्या. हे सिरॉसिसचे चित्र आहे. उरलेल्या पेशीच कमी, मग गळणारे एन्झाइम तरी कुठून येणार? सोनोग्राफी, एंडोस्कोपी आणि यकृततज्ज्ञ हा पुढचा रस्ता.

म्हणूनच एलएफटी कधी एकटी वाचू नये, शेजारी सीबीसी ठेवावा. दोन्हींवरून 'फिब-४' हा निर्देशांक घरच्या घरी काढता येतो: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे २.४ लाख असतील तर २४०. उदाहरणार्थ, वय ४८, एसजीओटी ५०, एसजीपीटी ८१, प्लेटलेट २.४ लाख. वर २४००, खाली २४० गुणिले ९, म्हणजे २१६०. उत्तर १.११. १.३ च्या खाली असल्याने यकृतात तंतूंची मोठी वाढ असण्याची शक्यता कमी. याच माणसाच्या प्लेटलेट १.२ लाख असत्या तर उत्तर २.२२ आले असते आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करावा लागला असता. २.६७ च्या वर सरळ तज्ज्ञाकडे. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. ताप किंवा ताजी कावीळ असताना हे गणित करू नये, डेंगीत तर ते सपशेल चुकते.

औषधे, काढे आणि काविळीचे उपाय

क्षयरोगाच्या औषधांत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला इजा करू शकतात. सुरुवातीची थोडी वाढ बऱ्याच जणांत दिसते आणि औषधे चालू असतानाच ओसरते. मळमळ, उलटी किंवा कावीळ यांसह एसजीपीटी तीन पटींवर गेले, किंवा काहीच त्रास नसताना पाच पटींवर गेले, तर डॉक्टर औषधे थांबवतात आणि नंतर एकेक करून पुन्हा सुरू करतात. आपल्या मनाने बंद करू नयेत, त्यातून क्षयरोग बळावतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ती कावीळ नव्हे; डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा.

कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनने एसजीपीटी तीन पटींच्या आत वाढले तर गोळी सहसा बंद करत नाहीत.

'आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार' हे वाक्य इथे लागू पडत नाही. कोविडच्या काळात रोगप्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या काही जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. काढे, वजन कमी करण्याच्या पावडरी, जिममधल्या गोळ्या, सगळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, शक्य तर पाकिटांसह.

काविळीसाठी चुन्याच्या पाण्यात हात धुणे, माळ घालणे, मनगटावर डाग देणे अजून चालते. हिपॅटायटिस ए बहुधा आपोआप बरा होतो, म्हणून श्रेय माळेला जाते. नुकसान त्यांचे होते, ज्यांची कावीळ खड्यामुळे, लेप्टोमुळे किंवा औषधामुळे असते. डागाची जखम चिघळते ते वेगळेच. उसाचा रस द्यायचा तर घरी काढलेला द्यावा. गाड्यावरच्या बर्फातूनच ही कावीळ पुन्हा दुसऱ्याला होऊ शकते. हळद-तेल बंद करून रुग्णाला फक्त उकडलेल्या भातावर ठेवण्याने यकृत लवकर बरे होत नाही, अशक्तपणा मात्र येतो.

पुन्हा कधी तपासायचे

त्रास नसताना एन्झाइम दुपटीपर्यंत वाढलेली सापडली तर दारू, काढे आणि जड व्यायाम बंद ठेवून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. दुसऱ्यांदाही वाढलेली असतील तर हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही, साखर, लिपिड, थायरॉइडसाठी टीएसएच आणि सोनोग्राफी करावी. बी आणि सी या दोन्हींची तपासणी व उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ठरावीक सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. कारण फॅटी लिव्हर निघाले तर वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरवल्यावर एसजीपीटी खाली येते. कोणत्याही 'लिव्हर टॉनिक'ला याची सर नाही.

ताज्या काविळीत एसजीपीटी रोज बघण्यात अर्थ नाही. भूक, उलट्या, शुद्ध आणि आयएनआर यांच्याकडे लक्ष ठेवा. एसजीपीटी १८०० वरून ३०० झाले आणि त्याच आठवड्यात बिलिरुबिन १२ वरून २० आणि आयएनआर १.३ वरून २.१ झाला, तर यकृताच्या पेशी संपत चालल्या आहेत. प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी हलवावे. आयएनआर नॉर्मल, भूक परतलेली, लघवी निवळलेली आणि तरी बिलिरुबिन ४ वरच रेंगाळते, तर ते बरे होण्याच्या वाटेवरचे आहे. बराच काळ कावीळ राहिली की डायरेक्ट बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट बांधला जातो आणि त्याच्याच संथ गतीने, दोन-तीन आठवड्यांनी निम्मा होत उतरतो. तोवर दर दोन आठवड्यांनी एक एलएफटी पुरते.